गौर ज्या घरी येते, ते घर विकताना

श्रावण सरत आला, पेणहून गणेशमूर्ती घेऊन येणारे टेम्पो पनवेलच्या बाजारातून दिसू लागले, की आमचे पाय आपोआप जुन्या पनवेलीतील एका घराकडे वळतात. घर आमच्या स्नेह्यांचे. त्यांच्या मातोश्री हयात होत्या तोवर गौरीच्या जेवणाचे आमंत्रण कधी चुकले नाही, आणि त्या गेल्यावरही मुलांनी तो प्रघात मोडला नाही. यंदा मात्र दारापाशी पोहोचलो आणि क्षणभर थबकलो. ओटीच्या खांबाला एक पत्र्याची पाटी बांधलेली होती : 'घर विकणे आहे.'

घर नुकतेच दुरुस्त केलेले. काळ्या दगडाचे जोते, त्यावर ओटी, आत माजघर, डाव्या हाताला देवघर, मागे पडवी आणि परसू, परसात विहीर आणि तुळशीवृंदावन. कोकणातील मध्यमवर्गीय घराचा नकाशा वाचकांना नव्याने सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी दोघा भावांनी मोठ्या हौसेने हे घर पुन्हा उभे केले. वाळवीने पोखरलेले वासे आणि रिपा काढून नव्या घातल्या, माजघराची एक तुळई बदलली, कौले उतरवून धुऊन पुन्हा शाकारली, फुटक्यांच्या जागी शोधून शोधून जुन्याच घडणीची आणली. भिंतींचा चुना जिथे सुटला होता तिथे सिमेंट थापण्याचा गवंड्याचा आग्रह होता, तो थोरल्या भावाने मानला नाही. पावसाळ्यात चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही, सिमेंट ती आत कोंडून ठेवते, हे वडिलांकडून ऐकलेले त्यांना आठवत होते. न्हाणीघरात आधुनिक सोयी आल्या, स्वयंपाकघरात ओटा आला. देवघराला तेवढा कुणी हात लावला नाही. सुतार म्हणाला, दारांच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत. तर त्याला सांगण्यात आले, गंजू देत.

निवृत्तीनंतर दोघांनी इथे येऊन राहावे, हा बेत होता. पण माणसाचे बेत गुडघ्यांना विचारून ठरत नाहीत. थोरल्यांचे गुडघे गेले, धाकट्यांची मुले परदेशी स्थिरावली, आणि नूतनीकरण झालेले घर वर्षातून अकरा महिने कुलूपबंद राहू लागले. शेवटी दोघांनी विकण्याचे ठरविले. दलालाने मोबाइलवर फिरविलेला मजकूर आम्हांलाही कुणीतरी पाठविला. 'जुन्या धाटणीचे, पूर्ण नूतनीकरण केलेले कौलारू घर, स्वतंत्र विहीर, सागवानी देवघरासह.'

या शेवटच्या शब्दाशी आम्ही बराच वेळ अडलो. देवघरासह! जणू गच्चीसह, वाहनतळासह. तरीही एवढ्यावरून घर विकणाऱ्यांवर रागावण्याचा आमचा विचार नाही. सणाच्या पानावर वडिलोपार्जित घराविषयी लिहायचे म्हणजे 'पूर्वजांची वास्तू विकू नका' असा उपदेश करायचा, अशी एक सोपी रीत आहे. तो उपदेश बहुधा अशांकडून होतो ज्यांना स्वतःच्या गावच्या घराची कौले शाकारण्याचे बिल कधी भरावे लागलेले नसते.

पनवेल हे बदलण्याची सवय असलेले गाव आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी खाडीतून पडावाने येऊन पनवेलच्या बंदरात उतरू लागला. व्यापार वाढला, उताऱ्याची जागा म्हणून गाव भरभराटले, १८५२ साली येथे नगरपालिका आली. पनवेलची बैलगाडीची चाके त्या काळी नावाजलेली होती. १८६३ साली आगगाडी बोरघाट चढून गेली आणि वाटसरूंना पनवेलची गरज उरली नाही. आज आपण ज्यांना जुनी घरे म्हणून हळहळतो, त्यांतील अनेक त्या चढउतारांतच बांधली, विकली आणि पुन्हा घेतली गेलेली आहेत. १९७० साली सिडको आली, खाडीपलीकडे नवे शहर वसले, नवे पनवेल उभे राहिले. २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा गावात जुन्या घराखालची जमीन घरापेक्षा मोलाची ठरते आणि मग ते घर विकावे की राखावे हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाच्या दाराशी येतो. शेजारच्या शिरढोणला आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ साली जन्मले, त्यांचे घर स्मारक म्हणून जपले गेले आहे आणि तसेच ते जपले जावे. पण ज्या घरात कुणी वासुदेव बळवंत जन्मला नाही, त्या घराची कौले कुटुंबानेच शाकारायची असतात.

शिवाय विकण्याचा विचार करण्याची सवड तरी मिळणे हेही एक भाग्यच. ज्या जमिनीवर आज विमाने उतरतात, तिथे उलवे, तरघर, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वाघिवली अशी दहा गावे नांदत होती. तिथल्या आगरी-कोळी कुटुंबांचे गणपती आणि गौरी पुनर्वसनाच्या नव्या घरांत गेल्या. तिथल्या लेकीबाळींचे माहेर धावपट्टीखाली गेले, आणि तरीही भाद्रपदात त्यांच्या गौरी कुठे ना कुठे उतरतातच.

तेव्हा घर विकल्याने कुलाचार मोडतो का? आमच्या स्नेह्यांच्या मनातही ही धाकधूक होती. 'शंभर वर्षांचा गणपती या घरात बसतो, तो उठवायचा कसा,' असे थोरले म्हणाले. आम्ही त्यांस नम्रपणे सांगितले ते असे : भाद्रपद चतुर्थीचे व्रत हे पार्थिव गणेशाचे व्रत आहे. पार्थिव म्हणजे मातीचा. मूर्ती मातीची करायची, तिच्यात प्राणप्रतिष्ठा करायची, यथाशक्ती पूजा करायची आणि कुणी दीड, कुणी पाच, कुणी गौरींबरोबर, कुणी अनंत चतुर्दशीला, ज्याच्या घरी जशी रीत असेल त्याप्रमाणे उत्तरपूजा करून ती पाण्यात सोडायची. ज्या देवाची मूर्ती दरवर्षी नवी येते आणि दरवर्षी विरघळते, त्याने अमुक भिंतीलाच टेकून बसावे, असा हट्ट त्याचा नसतो. हट्ट आपला असतो. व्रत कर्त्याबरोबर चालते. थोरल्यांनी पुण्याच्या सदनिकेत दोन खोल्यांच्या जागेत मखर मांडले तरी शंभर वर्षांची परंपरा एका दिवसाने तुटत नाही. गणपतीचा प्रश्न इतका अवघड नाही.

अवघड प्रश्न गौरीचा आहे.

गौर ही पाहुणी आहे, पण परकी पाहुणी नव्हे; ती माहेरवाशीण आहे. अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठेवर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. तीन दिवसांचे माहेर. कुणाकडे तेरड्याच्या रोपांची, कुणाकडे मुखवट्यांची, आणि कोकणातील अनेक घरांत खड्यांची. या घरात खड्यांची. घरातील लेक किंवा सून तोंडात पाण्याची चूळ धरून, मुक्याने, पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे घेऊन येते. उंबऱ्यावर तिच्या पायांवर दूध-पाणी घालतात, दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले काढलेली असतात, आणि घंटेच्या नादात तिला आत घेतात. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी घावन-घाटले किंवा पुरणपोळी. काही घरांतून तिखटाचाही नैवेद्य असतो, ज्याची त्याची रीत.

या सर्व उपचारांत एक उपचार असा आहे की ज्याकडे आपण पुरुष मंडळींनी क्वचितच लक्ष दिले असेल. गौर आत आली की तिला आधी बसवीत नाहीत. तिला घर दाखवितात. स्वयंपाकघर दाखवितात, धान्याची कोठी दाखवितात, दागिन्यांची पेटी किंवा तिजोरी दाखवितात, मुलाबाळांच्या खोल्या दाखवितात. 'हे पाहा, असे आहे सगळे' म्हणून तिला घरभर फिरवून मग पाटावर बसवितात. सासरी गेलेल्या लेकीला माहेरचे भरले घर उघडून दाखवायचे, तिच्यापासून काही झाकून ठेवायचे नाही, असाच या रीतीचा अर्थ आम्हांला वाटतो.

आता याच घरच्या हाडामांसाच्या गौरींचे काय झाले ते ऐका. दोघा भावांना दोन बहिणी आहेत, एक अलिबागला, एक डोंबिवलीला. दोघींची लग्ने होऊन चाळीस-पंचेचाळीस वर्षे झाली. घराची दुरुस्ती निघाली तेव्हा त्यांना कळविले गेले नाही; वास्तुशांतीला बोलावले गेले. विकण्याचे ठरले तेव्हाही कळविले गेले नाही. कळले ते खरेदीदाराच्या वकिलामुळे. वकिलाने मिळकतपत्रिका काढली, तर वडिलांच्या पश्चात वारस म्हणून आईबरोबर चारही भावंडांची नावे लागलेली. 'बहिणींचे हक्कसोडपत्र आणा,' तो म्हणाला. तेव्हा धाकट्या भावाने बहिणींना फोन केला आणि अगदी सहज, ओघात सांगितले, 'ताई, गणपतीला येशीलच, त्याच वेळी एक सही करून टाकू.'

थोरल्या बहिणीचे शब्द आम्ही त्यांच्याच परवानगीने येथे देत आहोत. त्या म्हणाल्या, 'मला पैसा नको हो. माझे सगळे व्यवस्थित आहे. पण घराला रंग कोणता द्यायचा, हे मला कुणी विचारले नाही, आणि आता सही मात्र माझी हवी.'

हे एका घराचे गाऱ्हाणे असते तर आम्ही ते चव्हाट्यावर मांडले नसते. पण आमच्या पाहण्यातील निम्म्या घरांत हे असेच घडते. सही मागण्याचे मुहूर्तही ठरलेले आहेत : राखी पौर्णिमा, गौरी-गणपती, भाऊबीज. ज्या दिवशी बहिणीला 'नाही' म्हणणे सर्वांत जड जाते, नेमक्या त्याच दिवशी कागद पुढे केला जातो. सोबत पैठणी असते. मुद्रांक नाममात्र लागतो, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अर्ध्या तासाचे काम, आणि मग सर्वजण जेवायला घरी.

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या हिश्शात मुलीला मुलाच्या बरोबरीने वारस केले. परंतु त्याच कायद्यात तेविसावे कलम होते, आणि ते नेमके राहत्या घराविषयी होते. कुटुंब ज्या घरात राहते त्या घराची वाटणी, पुरुष वारस आपले हिस्से वेगळे करायचे ठरवीत नाहीत तोवर, मुलीला मागता येत नसे. राहण्याचा हक्क तिला होता. पण तोही अविवाहित, परित्यक्ता, नवऱ्यापासून विभक्त किंवा विधवा असेल तरच. सुखाने नांदणाऱ्या लेकीला माहेरच्या घरात हक्काची एक रात्रही कायद्याने ठेवली नव्हती. ती आली तर पाहुणी म्हणून. महाराष्ट्राने १९९४ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मजात सहदायाद केले, पण ज्यांची लग्ने आधी झाली त्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला आणि तेविसावे कलमही गेले. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते यावरून वाद चालत राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र धक्का लागत नाही.

कायद्याचे नाव काढले की आमचे काही ज्येष्ठ वाचक म्हणतात, हे सगळे नवे खूळ आहे, आपल्या शास्त्रात मुलीला वाटा कुठे होता? या वाचकांविषयी पूर्ण आदर राखून सांगावेसे वाटते की शास्त्र इतके एकसुरी नाही. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की पित्याच्या पश्चात भावांनी अविवाहित बहिणींना चतुर्थांश द्यावा. आणि विज्ञानेश्वराने मिताक्षरेत या वचनाचा अर्थ केवळ लग्नखर्चापुरता न घेता खराखुरा अंश असा घेतला. नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख तर याच बाबतीत विशेष पाहण्याजोगा आहे. मूळ पैठणच्या, काशीस जाऊन राहिलेल्या विद्वान घराण्यातील हे पंडित. इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत त्यांच्या ग्रंथास अग्रमान दिला. निपुत्रिक माणसाच्या वारसांत नीलकंठभट्टांनी बहिणीला आजीच्या लगोलग बसविले. कारण काय दिले? लग्नाने तिचे गोत्र बदलले खरे, पण ती जन्मली भावाच्याच गोत्रात. म्हणून ती गोत्रजच. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९२६ साली हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. जुन्या मुंबई इलाख्यात तर मुलीला बापाकडून वारसाने आलेली मिळकत पूर्ण मालकीने मिळत असे. अन्य प्रांतांत ती तिला केवळ हयातीपुरती मिळे. म्हणजे लेकीच्या हक्काची वाट आपल्याकडे पूर्वीपासून थोडी अधिक रुंद होती.

हे लिहिताना भावांची बाजू आम्ही विसरलेलो नाही. आईचे शेवटचे दुखणे थोरल्यांच्या पत्नीने काढले, दीड वर्ष. घरपट्टी, वीजबिल, दरवर्षीची शाकारणी, गड्याचा पगार, हे सर्व भावांनी सोसले, आणि दुरुस्तीचा खर्च तर दोघांच्या भविष्यनिर्वाह निधीतून गेला. आम्हांस अशाही बहिणी ठाऊक आहेत की ज्या आईच्या आजारपणात फिरकल्या नाहीत आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वकिलाला घेऊन आल्या. त्यांची तरफदारी आम्ही करणार नाही. आमचे मत इतकेच की हिशेब करायचाच तर तो दोन्ही बाजूंनी उघड करावा. दुरुस्तीचा आणि कराचा खर्च विक्रीच्या रकमेतून आधी वजा करावा, त्याच्या पावत्या बहिणींपुढे ठेवाव्यात. आईच्या शुश्रूषेचा मात्र हिशेब मांडू नये. जिने ती केली तिला तो मांडलेला आवडणार नाही. मग जे उरेल त्यात बहिणींचा वाटा किती, हे त्यांना स्पष्ट सांगावे आणि मग घ्यायचा की सोडायचा, हे त्यांच्यावर सोपवावे. आपला वाटा किती, हे कळल्यावर बहिणीने तो भावाला दिला तर ते तिचे दान. न सांगता घेतलेल्या सहीला दान म्हणण्यास आमचे मन धजत नाही, मग सोबत केवढीही भारी पैठणी असो. आणि तिने वाटा घेतला तर? तर तिला पुढच्या भाऊबीजेला त्याच प्रेमाने ओवाळू द्यावे. 'वाटा नेला, माहेर तुटले' ही जी कुजबुज स्वयंपाकघरांतून चालते, आणि खेदाने म्हणावे लागते की ती बहुतेक वेळा बायकाच चालवितात, तिच्या धाकानेच असंख्य सह्या झाल्या आहेत.

सणाच्या दिवशी कागद पुढे करू नये, हे तर सांगायलाही नको. मूळ नक्षत्रावर गौर गेली, घर रिकामे झाले, की मग आठवड्याने सर्वांनी बसावे.

आता त्या 'सागवानी देवघरासह' या शब्दांकडे पुन्हा वळू. लाकडी देव्हारा विकायला आमची हरकत नाही. शेवटी ते लाकूड आहे. पण त्यातील टाक, बाणलिंग, शाळिग्राम, बाळकृष्ण, शंख आणि घंटा यांची व्यवस्था पाटी लावण्यापूर्वी व्हायला हवी होती. विक्रीची घाई झाली की देव पिशवीत जातात, पिशवी कपाटात जाते, आणि पुढे कुणाच्या तरी सुनेला ती सापडते तेव्हा तिला त्यातले काही ओळखू येत नाही. कुलदैवताचे टाक थोरल्या मुलाकडे जावेत, ही सर्वमान्य रीत आहे आणि ती योग्यच आहे. पण उरलेले देव लेकीकडे गेले तर? 'तिचे कुलदैवत आता वेगळे,' असे उत्तर तयार असते. मग विवाहाच्या दिवशी आपण काय करतो ते आठवावे. बोहल्यावर जाण्यापूर्वी वधू गौरीहर पूजते, आणि तीच अन्नपूर्णा माहेराहून सासरी घेऊन जाते. कितीतरी घरांतून बाळकृष्णही देतात. माहेरचे देव सासरी नांदू शकतात, हे आपण प्रत्येक लग्नात मान्य केलेलेच आहे.

हे सारे आम्ही त्या दोघा भावांपुढे, त्यांच्याच ओटीवर बसून, एका संध्याकाळी मांडले. थोरले बराच वेळ काही बोलले नाहीत. धाकटे थोडे रागावले. 'तुम्ही नेहमी तायांचीच बाजू घेता,' म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी दुरुस्तीच्या पावत्यांची पिशवी आणली आणि आमच्यापुढे ठेवली. आम्ही ती उघडली नाही. ती आमच्यासाठी नव्हतीच.

चार दिवसांनी थोरल्यांचा फोन आला. खरेदीदाराला अनंत चतुर्दशीनंतर या, असे सांगितले होते. पाटी तूर्त काढून माळ्यावर टाकली होती. घर विकण्याचा निर्णय मात्र कायम आहे आणि तो चुकीचा आहे, असे आम्हांसही वाटत नाही. या घरातील हा शेवटचा उत्सव असेल. दोन्ही बहिणी आवाहनाच्या आदल्या दिवशीच येणार आहेत आणि खडे आणण्याचा मान यंदा, चाळीस वर्षांनी, थोरल्या बहिणीला दिला आहे. गौरीला घर दाखविताना तिजोरीसमोर पावत्यांची पिशवी आणि मिळकतपत्रिकाही ठेवायची, ही कल्पना धाकट्या वहिनींची. थट्टेने सुचविली गेली आणि गंभीरपणे मान्य झाली. देवांपैकी टाक थोरल्यांकडे पुण्यास जातील, बाळकृष्ण डोंबिवलीस. धाकट्या बहिणीने आणखी एक गोष्ट मागून घेतली आहे : आई जिच्यावर गंध उगाळीत असे ती झिजलेली सहाण.

एक गोष्ट अजून ठरायची आहे. या घरची गौर परसातल्या विहिरीवरून येते आणि तिसऱ्या दिवशी खडे पुन्हा त्याच विहिरीत सोडतात. पुढच्या वर्षी विहीर दुसऱ्याची असेल. यंदाचे खडे नेहमीप्रमाणे विहिरीत सोडावेत, असे थोरल्या बहिणीचे म्हणणे. त्यातले निदान दोन बरोबर न्यावेत, म्हणजे पुढच्या भाद्रपदात डोंबिवलीच्या नळाच्या पाण्यातून का होईना पण तीच गौर आणता येईल, असे धाकटीचे. दोघींचे अजून एकमत झालेले नाही.